कालच्या चित्रात नसलेला तारा

देवयानी दीर्घिकेत दर आठवड्याला एखादा तरी नवतारा पेटत असतो. गणेशोत्सव संपून आकाश मोकळं व्हायला लागलं, की रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे भाद्रपदांचा चौकोन वर आलेला असतो. उत्तरा भाद्रपदेपासून निघणाऱ्या ताऱ्यांच्या ओळीने देवयानी तारकासमूहात शिरायचं, दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबून उत्तरेला वळायचं, की गावाबाहेरच्या अंधारात एक लांबट, धुरकट ठिपका दिसतो. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका. तिथला एखादा तारा आज रात्री लाखपटीने उजळला, तरी त्या धुरकट ठिपक्यात आपल्या डोळ्यांना काडीचाही फरक जाणवणार नाही. एवढा मोठा भडका, आणि तो झाला हे कळायचा मार्ग एकच: त्या जागेचं आधीचं चित्र कुणीतरी जपून ठेवलेलं असणं.

गेली काही वर्षं मी या नवताऱ्यांच्या मागे आहे. व्यवसायाने मी खगोलशास्त्रज्ञ नाही. पण या विषयात हौशी माणसाला आजही खरं काम करता येतं, आणि त्या कामातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा लेख.

आधी नवतारा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. त्यातला एक श्वेतबटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याच्या जवळपास, आकार मात्र पृथ्वीएवढा. दुसरा साधा तारा, किंवा फुगलेला तांबडा राक्षसी तारा. दोघं इतके जवळ असतात, की दुसऱ्याचा हायड्रोजन श्वेतबटूकडे ओढला जातो आणि त्याच्या पृष्ठभागावर साचत राहतो. साचता साचता थराच्या तळाशी दाब आणि तापमान वाढतं आणि हायड्रोजनचं ज्वलन सुरू होतं. साधा वायू तापला की पसरतो, पसरला की निवतो, आणि प्रकरण आटोक्यात येतं. पण श्वेतबटूच्या प्रचंड गुरुत्वाखाली दाबल्या गेलेल्या त्या थरात द्रव्याची अवस्थाच वेगळी असते: तापमान वाढलं तरी तो पसरत नाही. त्यामुळे ज्वलन वाढत जातं, तापमान आणखी चढतं, आणि शेवटी सगळा थर भडकून बाहेर फेकला जातो. सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने. बाहेर जाणारं द्रव्य आपल्या पृथ्वीच्या काही पटींपासून तीसेक पटींपर्यंत भरतं. श्वेतबटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा साठवायला लागतो. अतिनवताऱ्यात तारा स्वतःच उद्ध्वस्त होतो. इथे तसं होत नाही. हा फरक लक्षात ठेवायचा, कारण एकेकाळी तो कुणालाच माहीत नव्हता आणि त्यावरून मोठा घोळ झाला.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते. परदेशातल्या मोकळ्या आकाशाखाली असलेल्या, इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दुर्बिणींपैकी एकीवर मी थोडा वेळ घेते. दोन-दोन मिनिटांच्या बऱ्याच फ्रेम येतात, त्या एकमेकींवर बसवून एक चित्र करायचं. मग त्याच भागाचं जुनं चित्र घेऊन दोन्ही तंतोतंत जुळवायची आणि पडद्यावर आलटून पालटून दाखवायची. तारे जागच्या जागी राहतात. जे बदललं असेल तेवढंच डोळ्यांसमोर उघडझाप करतं. पूर्वी काचेवर चित्रं घेत तेव्हा हेच काम यंत्रातली भिंग आणि आरसे करत. आज संगणक एका चित्रातून दुसरं वजा करतो आणि उरलं ते दाखवतो.

उरतं ते पुष्कळ असतं आणि त्यातलं जवळपास सगळं निरुपयोगी असतं. एक ठिपका दिसला की मी चित्र मोठं करत जाते, चौकटी-चौकटी दिसेपर्यंत. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना थरथरतो, त्यामुळे चित्रात तारा कधीच एका पिक्सेलवर बसत नाही. मध्ये सर्वांत उजळ, आणि सगळीकडे सारख्या गतीने उतरत जाणारा तीन-चार पिक्सेलांचा गोल. अवकाशातून आलेला एखादा वेगवान कण कॅमेऱ्याच्या चकतीवर आदळला, तर एक-दोन पिक्सेल लख्ख पांढरे आणि शेजारचे एकदम काळे. कडा कापल्यासारखी. शिवाय तो कण एकाच फ्रेममध्ये असतो, पुढच्या दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये नसतो. तो बाद. ठिपका सगळ्या फ्रेममध्ये आहे पण जागा किंचित सरकली आहे, तर तो आपल्याच सूर्यमालेतला एखादा लघुग्रह. देवयानी क्रांतिवृत्तापासून बरीच दूर असल्यामुळे हे पाहुणे तिथे कमी येतात, पण येतात. तोही बाद. मग नोंदींमधून पाहायचं, इथे आधीच माहीत असलेला रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा आहे का. काही तांबडे राक्षसी तारे वर्ष-दीड वर्षाच्या फेऱ्यात इतके मंद होतात, की जुन्या चित्रात ते दिसतही नाहीत आणि पुढच्या वेळी एकदम समोर उभे राहतात.

एका सुट्टीत माझी भाची शेजारी बसून हे पाहत होती. मी जुनं चित्र लावलं, तर ती म्हणाली, "आत्या, इथे तर काहीच नाहीये." मी म्हटलं, "तेच तर पाहिजे होतं." तिला ते पटलं नाही. तिने मला लगेच नवं चित्र लावायला सांगितलं, आणि ठिपका दिसल्यावर तिचं समाधान झालं. माझा जीव मात्र त्या काहीच नसलेल्या चित्रात अडकलेला असतो. नवं चित्र मी आज घेऊ शकते. ढग असले तर उद्या. मागच्या महिन्यातलं चित्र मागच्या महिन्यात कुणी घेतलं नसेल, तर ते आता जगातल्या कुठल्याही दुर्बिणीला घेता येणार नाही.

या विषयाचा इतिहास वाचताना मला हे सतत दिसत गेलं. ऑगस्ट १८८५ मध्ये देवयानीच्या मध्याजवळ एक नवा तारा दिसला. एर्न्स्ट हार्टविग यांनी डोर्पाटच्या वेधशाळेतून तो पाहिला. तो इतका चढला, की अगदी काळ्या आकाशात तीक्ष्ण नजरेला नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसावा. त्याला देवयानीतला नवतारा म्हणून नाव मिळालं. मग १९१७ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज रिची यांना एनजीसी ६९४६ या सर्पिलात (देवयानीसारख्या भोवऱ्याच्या आकाराच्या धुरकट ठिपक्यांना तेव्हा सर्पिल म्हणत; ते आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, हे ठरलेलं नव्हतं) एक नवा तारा सापडला, आणि त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. वेधशाळेतल्या जुन्या काचा काढून ते तपासत बसले. देवयानीच्या १९०९ सालच्या काचांवर त्यांना दोन नवतारे सापडले. आठ वर्षं ते त्या काचांवर होते आणि कुणी पाहिलेच नव्हते. तिकडे लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांनीही जुन्या काचांमधून असेच तारे शोधून काढले.

कर्टिस यांना त्यातून एक विचार सुचला. आपल्या आकाशगंगेतले नवतारे किती तेजस्वी होतात ते ढोबळ माहीत आहे. सर्पिलांमधले नवतारे त्याहून कितीतरी अंधूक दिसतात. दोन्ही एकाच जातीचे असतील, तर सर्पिल फार फार दूर असले पाहिजेत, आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडे. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये कर्टिस आणि सर्पिल जवळच आहेत असं मानणारे हार्लो शॅप्ली यांच्यात जी प्रसिद्ध चर्चा झाली, तिच्यात नवतारे हा कर्टिस यांचा मोठा आधार होता. आणि शॅप्ली यांचा मोठा आक्षेपही नवताराच होता: १८८५ चा. देवयानी खरोखर इतकी दूर असेल, तर तो तारा किती तेजस्वी असायला हवा! कोट्यवधी सूर्यांएवढा. असा तारा कुणी पाहिलाच नव्हता. कर्टिस यांनी त्यावर नवताऱ्यांचे तेजस्वितेनुसार दोन वर्ग असणं अशक्य नाही, असं म्हणून ठेवलं. ते बरोबर होते. १८८५ चा तारा अतिनवतारा होता. त्या वर्गाला 'सुपरनोव्हा' हे नाव वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये रूढ केलं. दोन्ही बाजूंच्या हातात एकच नाव होतं आणि त्या नावाखाली दोन निराळ्या वस्तू होत्या, म्हणून ती चर्चा त्या दिवशी मिटू शकली नाही असं मला वाटतं.

ती मिटली एका काचेवर. एडविन हबल ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीची चित्रं घेत होते, आणि ते शोधत होते नवतारे. ५ आणि ६ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री घेतलेल्या काचेवर त्यांनी शाईने तीन ठिकाणी 'एन' हे अक्षर लिहिलं. एन म्हणजे नवतारा. त्यातला एक एन नंतर खोडलेला आहे, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत 'व्हीएआर' आणि उद्गारचिन्ह. म्हणजे रूपविकारी. त्या काचेचं छायाचित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. आधुनिक विश्वशास्त्राची सुरुवात म्हणून ते सगळीकडे छापतात, आणि त्या उद्गारचिन्हाबद्दल सगळेच लिहितात. मला मात्र खोडलेल्या एनबद्दल बोलायचं आहे.

तो एन खोडता कशामुळे आला? त्या रात्रीच्या काचेवर तर तीनही ठिपके सारखेच नवे होते. हबल यांनी माउंट विल्सनवरच्या १९०९ पासूनच्या काचा काढल्या. दोन जागा आधी रिकाम्या होत्या, ते एन तसेच राहिले. तिसऱ्या जागी मात्र तारा आधीही होता. कधी उजळ, कधी मंद, पुन्हा उजळ. नवतारा असा वागत नाही. त्याचा फेरा ३१.४ दिवसांचा भरला आणि तो सेफीड जातीचा निघाला. सेफीडचा फेरा कळला की त्याचं खरं तेज कळतं, तेज कळलं की अंतर. हबल यांना सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं मिळाली. आजच्या हिशोबाने ते कमी आहे, पण देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सांगायला पुरेसं होतं. चौदा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक काच त्या दिवशी कपाटात नसती, तर तो एन कदाचित एनच राहिला असता.

हबल नवतारे विसरले नाहीत. १९२९ च्या देवयानीवरच्या निबंधात त्यांनी तिथे वर्षाला सुमारे ३० नवतारे पेटत असावेत असा अंदाज दिला. मग हॉल्टन आर्प आले. १९५३ ते १९५५ या काळात त्यांनी माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीवर देवयानीचा हंगाम सुरू असेपर्यंत जमेल त्या प्रत्येक रात्री तिची चित्रं घेतली. हाती आले ३० नवतारे. त्यावरून हिशोब करून वर्षाला २६. माझ्या लेखी आर्प यांचं हे काम त्यांच्या नंतरच्या सगळ्या वादग्रस्त कामापेक्षा मोठं आहे. वर्षाला किती नवतारे होतात हे सांगायचं तर सापडलेले मोजून भागत नाही. किती रात्री पाहिलं आणि काही सापडलं नाही, हेही लागतं. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीची खूण नसेल तर हजेरीलाही किंमत उरत नाही, तसंच हे. एखादा नवतारा मंगळवारी दिसला आणि सोमवारच्या काचेवर नव्हता, तरच तो सोमवार ते मंगळवारच्या दरम्यान पेटला असं म्हणता येतं. सोमवारी कुणी पाहिलंच नसेल, तर तो चार दिवसांपूर्वी पेटून आता उतरणीला लागलेला असू शकतो. त्याचं कमाल तेज किती होतं, तो किती वेगाने मंदावतोय, सगळंच अंधारात.

पण रिकामी जागा खरंच रिकामी होती का, हा प्रश्न राहतो. आर्प यांना देवयानीच्या अगदी मध्याजवळ नवतारे जवळजवळ सापडले नाहीत. तिथे ते पेटतच नाहीत का? दीर्घिकेचा मध्य इतका उजळ असतो, की त्या उजेडात नवतारा बुडून जातो. १९८० च्या दशकात रॉबिन सिआर्दुलो आणि सहकाऱ्यांनी यावर चांगला उपाय वापरला. नवताऱ्यातून फेकला गेलेला हायड्रोजन एका ठरावीक तांबड्या रंगात चमकतो, त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. बाकी प्रकाश ओसरला तरी ही चमक पुढे पुष्कळ दिवस टिकते. फक्त तेवढाच रंग आत सोडणारी काच लावली, की दीर्घिकेचा उजेड दबतो आणि नवतारे वर येतात. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं, की मध्यातही नवतारे आहेत आणि ताऱ्यांच्या दाटीच्या प्रमाणातच आहेत. पोकळी तिथे नव्हती. पाहण्याची मर्यादा होती.

चेक प्रजासत्ताकातल्या कामिल होर्नोख यांचं उदाहरण मला यासाठी आवडतं. २००२ साली ते हौशी निरीक्षक होते. ब्रनोजवळच्या लेलेकोविसे या गावात ३५ सेंटिमीटरची दुर्बीण. दीर्घिकेच्या मध्याचा गुळगुळीत उजेड गणिताने काढून घेतला की खाली लपलेले ठिपके उघडे पडतात, हे त्यांनी आपल्या चित्रांवर करून पाहिलं, आणि एकामागून एक नवतारे सापडत गेले. एवढ्या आकाराची दुर्बीण महाराष्ट्रात कुणाकडे नाही असं नाही.

त्यानंतर २००६ मध्ये मॅट डार्न्ली आणि सहकाऱ्यांनी, आपल्या नजरेतून किती निसटत असावेत याचा काटेकोर हिशोब करून, देवयानीसाठी वर्षाला ६५ हा आकडा दिला. आर्प यांच्या दुपटीहून जास्त. देवयानी तीच. फरक पडला तो निसटलेले मोजण्यामुळे. २०११ मध्ये मानसी कासलीवाल आणि सहकाऱ्यांनी पालोमारच्या दुर्बिणीने जवळच्या दीर्घिका रोज नेमाने पाहिल्या आणि एक नवीनच गट दाखवला: अंधूक, आणि तरीही झपाट्याने विझणारे नवतारे. तोवरचा समज असा, की जो जास्त तेजस्वी तो लवकर विझतो आणि जो अंधूक तो रेंगाळतो. या नियमावरून अंतरंही काढली जात. अंधूक आणि घाईचे नवतारे त्या नियमात बसत नाहीत, आणि चार-पाच दिवसांतून एकदा पाहणाऱ्याला ते दिसतही नाहीत. वर्षानुवर्षं ते दोन निरीक्षणांच्या मधल्या फटीत पेटून विझत होते.

ठिपका टिकला, हलला नाही, जुन्या चित्रात नव्हता, तरी तो नवताराच आहे हे ठरत नाही. शेवटचा निवाडा वर्णपटाचा. मोठ्या दुर्बिणीने त्याचा प्रकाश रंगांमध्ये फोडला, की हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि रुंद दिसल्या पाहिजेत, कारण द्रव्य सगळ्या दिशांना वेगाने फेकलं जातंय. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येते आहे, त्यामुळे त्या रेषा तेवढ्या निळ्या बाजूला सरकलेल्याही असल्या पाहिजेत. म्हणजे तो आपल्याच आकाशगंगेतला, वाटेत उभा असलेला एखादा तारा नाही हे कळतं. जानेवारी २०१५ मध्ये देवयानीत दिसलेल्या एका ताऱ्याला रीतसर नवताऱ्याचा क्रमांकही मिळाला. वर्णपट दिवसेंदिवस तांबडा होत गेला, तेव्हा उलगडलं की ते दोन तारे एकमेकांत मिसळून गेले होते.

याहून विलक्षण गोष्ट 'शारोव्ह २१' ची. १९९२ मध्ये उजळलेला हा ठिपका शारोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये देवयानीतला नवतारा म्हणून नोंदवला. थोडा मंदगतीचा, एवढंच. २०१० मध्ये हेल्मुट मॉयझिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याची पुन्हा चौकशी केली. टाउटेनबुर्ग आणि इतर वेधशाळांच्या जुन्या काचा धुंडाळून त्यांनी त्या जागेचा सहा दशकांचा हिशोब मांडला. अगदी अंधूक असं काहीतरी तिथे १९९२ च्या आधीही होतं आणि नंतरही राहिलं. वर्णपट घेतला तेव्हा तो एक क्वेसार, म्हणजे प्रचंड कृष्णविवरामुळे झळाळणारा एका दूरच्या दीर्घिकेचा गाभा, निघाला, देवयानीच्या फार फार मागे. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला हजार कोटी वर्षांहून जास्त लागली आहेत, आणि शेवटच्या टप्प्यात तो देवयानीच्या तबकडीतून गाळून आला आहे. १९९२ मध्ये तो वीसेक पटींनी उजळला. एखादं प्रचंड कृष्णविवर जवळ आलेल्या ताऱ्याला फाडत होतं, की मधल्या एखाद्या ताऱ्याने भिंगासारखा त्याचा प्रकाश एकवटला, यावर त्यांनी दोन्ही शक्यता मांडल्या. बारा वर्षं हे सगळं एका नवताऱ्याच्या नोंदीखाली पडून होतं. मी हा निबंध वाचला त्या रात्री मला नीट झोप आली नाही. आपल्या यादीतल्या किती नोंदींच्या मागे आणखी काय काय असेल!

आणि ज्याच्यासाठी मी या विषयात पडले तो तारा. डिसेंबर २००८ मध्ये जपानमधले हौशी निरीक्षक कोइची निशियामा आणि फुजिओ काबाशिमा यांना देवयानीत एक अंधूक नवतारा सापडला. एम३१एन २००८-१२ए. या नावात फक्त दीर्घिका (एम३१ म्हणजे देवयानीच), वर्ष, महिना आणि त्या महिन्यातला क्रम आहे. कमाल तेजाला पोचायला एखादा दिवस, आणि मग दोनेक दिवसांत दोन प्रती खाली. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक.) कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. नंतर त्याच जागी २०११, २०१२, २०१३ मध्येही भडके दिसले, आणि २००९ च्या चित्रांतही तो सापडला. साधा नवतारा पुन्हा पेटायला हजारो वर्षं घेतो. आपल्या आकाशगंगेत एका मानवी आयुष्यात दोनदा पेटलेले मोजून दहा-एक आहेत. त्यातला उत्तर मुकुटातला टी तारा १८६६ आणि १९४६ मध्ये पेटला होता. हा मात्र दरवर्षी पेटतो. मग क्ष-किरणांच्या जुन्या नोंदी उघडल्या गेल्या. रोसॅट उपग्रहाच्या १९९२ आणि १९९३ च्या, अवकाशातल्या चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या २००१ च्या निरीक्षणांत त्याच जागी काही दिवसांसाठी उमटलेला क्ष-किरणांचा ठसा होता. ज्यांनी ती निरीक्षणं घेतली त्यांना तेव्हा हा तारा माहीतही नव्हता.

वर्षभरात पुन्हा पेटायचं तर श्वेतबटू अतिशय जड हवा, म्हणजे अगदी पातळ थरही त्याच्या गुरुत्वाखाली भडकतो. याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.३८ पट असावं असा अंदाज आहे. श्वेतबटूला जास्तीत जास्त किती वस्तुमान पेलतं ती मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढली: सुमारे १.४. हा तारा त्या कड्यावर उभा आहे. तो प्रत्येक भडक्यात फेकतो त्याहून जास्त साठवतो आहे असं दिसतं, आणि तसं असेल तर २० हजार वर्षांच्या आत तो ती मर्यादा गाठेल आणि कड्यावरून पडेल. त्याच्या भोवती चारशे प्रकाशवर्षांहून रुंद असं एक कवच सापडलं आहे, वर्षानुवर्षांच्या भडक्यांनी आसपासचा वायू लोटत लोटत तयार झालेलं. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ताऱ्याच्या गोष्टीत आपलाही वाटा आहे, आणि तो मी अभिमानाने सांगते. लडाखमध्ये हॅनले इथे, ४५०० मीटर उंचीवर, बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे. जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून या ताऱ्याचे भडके वर्षानुवर्षं टिपले आहेत, आणि त्याला ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीच्या निरीक्षणांची जोड दिली आहे. २०१७ ते २०२२ मधल्या भडक्यांवरचा त्यांचा निबंध २०२४ मध्ये आला. हॅनलेलाच पवईच्या आयआयटी मुंबईने याच संस्थेबरोबर उभारलेली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, माणसाविना स्वतःहून आकाश पाहणारी. या ताऱ्यासाठी जागेला फार महत्त्व आहे. तो एका दिवसात चढतो. कॅलिफोर्निया आणि कॅनरी बेटांवर दिवस असताना इथे रात्र असते. इथे कुणी पाहत नसेल, तर त्याच्या चढणीचा तेवढा तुकडा कायमचा हरवतो.

देवयानीपलीकडेही हे काम चाललं आहे. एम ८७ या महाकाय दीर्घिकेत हबल अवकाश दुर्बिणीने मायकेल शारा आणि सहकाऱ्यांनी वर्षाला ३६३ नवतारे पेटत असल्याचा अंदाज काढला. पुढे २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की तिथल्या मध्यवर्ती कृष्णविवरातून निघणाऱ्या झोताच्या आसपास नवतारे इतर भागांच्या दुप्पट आहेत. का, ते कळलेलं नाही.

हार्वर्डकडे पाच लाखांहून जास्त काचा आहेत, १८८० च्या दशकापासूनच्या. त्यातल्या चार लाखांहून जास्त आता संगणकात उतरल्या आहेत. मधे जानेवारी २०१६ मध्ये तळघरात पाणी शिरून हजारो काचा भिजल्या, ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. आज कुणी काच वापरत नाही. आपल्याकडे हौशी मंडळी थंडीत वांगणीला, भीमाशंकरच्या बाजूला, कोकणात अंधाऱ्या जागा गाठून देवयानीची अप्रतिम चित्रं घेतात. चित्र तयार झालं, ते मित्रांना पाठवलं, की मूळ फ्रेम पुसल्या जातात, कारण हार्ड डिस्क भरलेली असते.

त्यांना माझी विनंती आहे. मूळ फ्रेम ठेवा. जिच्यात काहीच सापडलं नाही तीही ठेवा, किंबहुना ती आधी ठेवा. फाइलसोबत तारीख, जागतिक वेळ, दुर्बीण, कॅमेरा, वापरलेला फिल्टर एवढं लिहा. आणि त्या रात्री तुमच्या चित्रात सर्वांत अंधूक तारा कितव्या प्रतीचा दिसत होता तेही शोधून लिहा. साडेअठरा असेल तर साडेअठरा, ढग असतील आणि सोळाच असेल तर सोळा. तो आकडा नसेल तर पुढे कुणी तुमचं चित्र उघडून एखाद्या जागेवर बोट ठेवेल, आणि तिथे तारा नव्हता की तुम्हाला दिसला नव्हता, हे त्याला ठरवता येणार नाही.